लाइट बिल २५ हजार, कार्डाचं व्याज ४१ हजार, आणि प्रश्न स्टारचा

पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. भाड्याचा टूबीएचके, नवरा-बायको, दोन मुलं, पगार हातात ६८ हजार, त्यातले २१ हजार भाड्यात जातात. लाइट बिल सरासरी २,१०० म्हणजे वर्षाला २५ हजार. घरात एसी नाही, तो बघायला दुकानात गेले, दीड टनाचा ३ स्टार ३८ हजार आणि ५ स्टार ४७ हजार. पण सेल्समन म्हणाला एसी कशाला, सगळं घरच ५ स्टार करून टाका, मग त्यात ३१ हजारांचा फ्रिज आला, ३६ हजारांचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं, ११ हजारांचा गिझर आला आणि वर ९ हजारांची एक्स्टेंडेड वॉरंटी. ५ स्टार एसी धरून १ लाख ३४ हजार, कार्डावर १२ महिने नो कॉस्ट ईएमआय, महिना ११,२००. लाइट बिल निम्मं होईल आणि त्यातूनच हप्ता सुटेल असं त्यांना पटवलंय. प्रश्न एवढाच, एसी ३ स्टार घेऊ की ५ स्टार?

आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "बाकी कर्ज काही नाही, फक्त कार्डाचे ८४ हजार आहेत पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवला नाही. १ लाख ८० हजारांची एफडी आहे, ती पुढे घराच्या डाउनपेमेंटला, तिला हात लावायचा नाही."

खरं पत्र या ओळीत आहे. पण विचारलंय त्याचं आधी सांगतो, नाहीतर म्हणाल विषय टाळला.

एसीवरच्या बीईईच्या (स्टार देणारी केंद्र सरकारची संस्था) लेबलवर लोक स्टार मोजतात आणि खालचा आकडा वाचतच नाहीत. तो आकडा म्हणजे वर्षाला किती युनिट, आणि हे वर्ष १,६०० तासांचं धरलेलं असतं. तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंमध्ये ३ स्टारला साधारण ९५० युनिट आहेत आणि ५ स्टारला ७५०. फरक २०० युनिट, तोही १,६०० तास चालवला तर. तुम्ही लिहिलंय मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत, फक्त रात्री, ५-६ तास. म्हणजे ८० रात्री धरा, पावणेपाचशे तास झाले, लेबलच्या ३० टक्के. मग फरक उरला ६० युनिटांचा. एसीचे युनिट बिलात वरच्या स्लॅबमध्ये पडतात म्हणून युनिटला १७ रुपये धरू, तरी वर्षाला हजार रुपये. त्यासाठी आज ९ हजार जास्त द्यायचे, वसूल व्हायला ९ वर्षं. हाच एसी नागपूरला दिवसभर चालणाऱ्या ऑफिसात असता तर १,६०० तास सहज झाले असते आणि ९ हजार तीन वर्षांच्या आत निघाले असते, तिथे मी डोळे मिटून ५ स्टार सांगितला असता. तुम्हाला ३ स्टार पुरे.

आणि रिमोट. २०२० पासून स्टार लेबलचा एसी कारखान्यातूनच २४ डिग्रीवर सेट होऊन येतो, लोक घरी आणून पहिल्या रात्री २० वर नेतात आणि पांघरूण घेऊन झोपतात. एक डिग्री वर ठेवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईईच सांगतं. चार डिग्रीचा हिशोब करा, तुमच्या ३ आणि ५ स्टारमध्ये जेवढा फरक आहे तेवढा इथेच भरून निघतो, तोही फुकट.

स्टार म्हणजे क्वालिटीचा शिक्का नव्हे हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्टारचं कोष्टक दर काही वर्षांनी कडक होतं. २०१८ च्या कोष्टकात स्प्लिट एसीला ४.५ आयएसईईआरवर (खर्च झालेल्या विजेच्या मानाने एसी किती गारवा देतो तो आकडा, जास्त तितका चांगला) ५ स्टार मिळायचे, जुलै २०२२ पासून त्याला ५ लागायला लागले, म्हणजे तोच ४.५ चा एसी एका रात्रीत ४ स्टारचा झाला, आतला एक स्क्रूसुद्धा न बदलता. म्हणून लेबलवर ते कुठल्या काळासाठी आहे ते छापलेलं असतं, जुना स्टॉक गळ्यात मारताना नेमकं तेच कुणी दाखवत नाही. मॉडेल नंबर बीईईच्या ॲपवर टाकून बघता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आता फ्रिज. तुमच्या २०१३ च्या फ्रिजच्या दारावर लेबल अजून आहे आणि त्यावर वर्षाला २५५ युनिट लिहिलंय, तेव्हाचे ५ स्टार. दुकानात दाखवलेला नवा ३ स्टारचा आहे (५ स्टारच्या घरात तो कसा आला ते सेल्समनलाच विचारा), त्याचे २०५ युनिट. ५० युनिट वाचले, १२ रुपयांनी ६०० रुपये झाले. ३१ हजारांचा फ्रिज ६०० रुपये वर्षाने वसूल व्हायला ५० वर्षं! जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं असेल तर तो लेबलपेक्षा जास्त खात असेल, दारात कागद अडकवून ओढून बघा, सहज निघाला तर रबर बदला. चालता फ्रिज विजेसाठी कुणी बदलत नाही. आणि कधी बदलायची वेळ आलीच तर डायरेक्ट कूल (बर्फ हाताने काढावा लागणारा) आणि फ्रॉस्ट फ्रीचे (बर्फ न साचणाऱ्याचे) स्टार एकमेकांशी लावू नका, त्यांची कोष्टकंच वेगळी आहेत, युनिटचा आकडा लावा.

वॉशिंग मशीनच्या लेबलवर एका किलो कपड्यांना एका धुण्यात किती युनिट आणि किती लिटर पाणी असे दोन आकडे असतात. पाण्याचा आकडा बघण्यासारखा आहे, फ्रंट लोडला पाणी खरंच कमी लागतं आणि सोसायटीत टँकर येत असतील तर त्याला अर्थ आहे, फक्त तुमचं मेंटेनन्स फिक्स आहे त्यामुळे तुमच्या खिशात त्यातून रुपया येणार नाही. विजेचं म्हणाल तर तुमचं सेमी ऑटोमॅटिक वर्षाला फार तर ५० युनिट खात असेल, ६०० रुपये. जिथे अख्खा खर्चच ६०० आहे तिथे वाचवणार काय? उलट फ्रंट लोडमध्ये गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावायची सवय लागली तर हा खर्च वाढेल.

गिझरचे स्टार तर बहुतेकांना चुकीचेच माहीत असतात. स्टोरेज गिझरला स्टार मिळतात ते तापलेलं पाणी नुसतं धरून ठेवताना किती उष्णता वाया जाते त्यावर. २५ लिटर पाणी ३० डिग्रीने तापवायला पाऊण ते एक युनिट लागतंच, १ स्टार असो नाहीतर ५ स्टार. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला फरक पडतो. तुम्ही सकाळी अर्धा तास लावून बंद करता, तुम्हाला काय फरक पडणार.

आता बिल निम्मं होण्याचं बघू. तुमच्याकडे आज एसी नाहीच! तो आला की ३ स्टारवर वर्षाला पाच हजाराच्या आसपास आणि ५ स्टारवर चार हजाराच्या आसपास बिल वाढणार आहे. फ्रिजचे ६०० आणि किरकोळ काही वजा केलं तरी २५ चं २८-२९ हजार होईल. समजा चमत्कार होऊन खरंच निम्मं झालं, तरी महिना १,०५० सुटले, आणि हप्ता ११,२००. अहो, बिल शून्य झालं तरी २,१०० च सुटतात. हे दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर तिथल्या तिथे करता आलं असतं.

नो कॉस्टचं तर तुम्हीच लिहिलंय की रोख दिले तर ६ हजार कमी. मग तेच व्याज, दुसरं काय? झिरो टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि ९ हजारांची वॉरंटी विकणाऱ्याने हे सांगितलं का की बऱ्याच इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरवर कंपनीच १० वर्षं देते?

आता ती शेवटची ओळ. तुमच्या स्टेटमेंटवर महिना साडेतीन टक्के लिहिलंय. ८४ हजारांवर २,९४० रुपये व्याज, त्यावर जीएसटी ५३०, झाले जवळपास ३,४७०. तुम्ही मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, भरता ४,२००. म्हणजे दर महिन्याला मुद्दल उतरतं ७३० रुपयांनी, बाकी सगळं व्याजात. वर्षाला ४१ हजार! तुमच्या वर्षाच्या अख्ख्या लाइट बिलापेक्षा जास्त, आणि तुम्ही दुकानात उभे राहून ६० युनिटांचा विचार करताय.

मिनिमम ड्यू न चुकवणं म्हणजे शिस्त, असं डोक्यात बसलंय ते आधी काढा. त्याने फक्त लेट फी टळते आणि सिबिलवर डाग पडत नाही, व्याज थांबत नाही. आणि मागची बाकी ठेवली की नव्या खरेदीवरचे ते ४५-५० दिवस बिनव्याजीचे मिळत नाहीत, किराणा असो की पेट्रोल, स्वाइप केल्यापासून व्याज लागतं. दीड वर्ष भरूनही आकडा ८४ च्या आसपासच का, याचं उत्तर हे आहे. त्यात तो ११,२०० चा हप्ता घातला तर तो पूर्णच्या पूर्ण मिनिमम ड्यूमध्ये येतो, म्हणजे ४,२०० चे १५,४०० होतील. भाडं देऊन हातात ४७ हजार उरतात, त्यातून भरणार कसे? पहिला चुकलेला ड्यू तिथेच होईल.

आणि हे सगळं चालू असताना बँकेत १ लाख ८० हजार ७ टक्क्यांनी पडून आहेत. ८४ हजारांवर एफडी वर्षाला ६ हजार देते, त्यावर टॅक्स, आणि तेवढ्याच रकमेवर कार्ड ४१ हजार घेतं. डाउनपेमेंटचे पैसे तुम्ही राखत नाही आहात, दरवर्षी ३५ हजारांनी खात आहात.

तेव्हा एफडी मोडा. बँक अर्धवट मोडू देत असेल तर ८४ हजारांपुरती, नाहीतर पूर्ण मोडून उरलेले ९६ हजार परत ठेवा. मुदतीआधी मोडल्याचा दंड हजाराच्या आसपास बसेल, बसू दे. कार्ड पूर्ण भरा. पुढच्या स्टेटमेंटला मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, दचकू नका, तेही पूर्ण भरा. त्यानंतर कार्ड वापरायचं तर ऑटो डेबिट 'टोटल ड्यू'वर लावून, ते जमणार नसेल तर कार्ड बंद करा. उरलेले ९६ हजार सध्या अडीनडीचे समजा, घराचं नंतर बघू.

एसीचं म्हणाल तर आजवर मिनिमम ड्यूला जात होते ते ४,२०० आता दर महिन्याला बाजूला टाका. नऊ महिन्यांत ३८ हजार होतात, ३ स्टारचा एसी रोखीने, आणि रोखीवर काही सुटतंय का तेही विचारा. तोवर एक उन्हाळा पंख्यावर काढावा लागेल. मुलं कुरकुर करतील.

दुकानात २ हजार टोकन देऊन बसलोय, ते बुडेल का, असंही विचारलंय तुम्ही. मागून बघा, नाही दिलं तर सोडून द्या. तुमच्या कार्डाचं १७ दिवसांचं व्याज आहे ते.