एकाच डोळ्याचे दोन लेन्स नंबर कसे?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुमच्या आईंच्या उजव्या डोळ्याला एका ठिकाणी २२.५ ची लेन्स सांगितली, दुसरीकडे २१.५ ची, आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की फसवतंय कोण. बहुधा कोणीच नाही. पहिल्या ठिकाणी भुलीचे थेंब घालून डोळ्याला पेन टेकवलं, दुसरीकडे हनुवटी टेकवून नुसतं मशीनमध्ये बघायला लावलं, असं तुम्हीच लिहिलंय. निम्मं उत्तर त्यातच आहे.

अठरा वर्षं मी हेच मोजमाप करतोय. पेनवालं म्हणजे ए-स्कॅन, डोळ्याची लांबी मोजणारा सोनोग्राफीचाच प्रकार. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, मऊ असतो. पेन जरा दाबलं गेलं की डोळा ०.१ ते ०.३ मिमी आखूड भरतो. आखूड डोळ्याला जास्त पॉवरची लेन्स लागते, म्हणून आकडा वर सरकतो. लांबीत १ मिमी चुकलं तर चष्म्याच्या नंबरात साधारण अडीच-तीनचा फरक पडतो, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. नवखा असताना एका आजोबांच्या डोळ्यावर माझा हात असाच जड पडला. ऑपरेशन उत्तम झालं, पण लांबचं बघायला मायनस एकचा चष्मा लागला. ते काही बोलले नाहीत. मला मात्र ती रीडिंग अजून पाठ आहेत: तो डोळा २२.६१ मिमी, दुसरा २३.०२. दोन डोळ्यांत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला की थांबायचं आणि पुन्हा मोजायचं, हे तेव्हा डोक्यात बसलं.

दुसरं मशीन ऑप्टिकल. प्रकाश पडद्यापर्यंत जाऊन परत येतो, त्यावरून लांबी निघते. डोळ्याला काहीच लागत नाही. झाइसचं आयओएल मास्टर १९९९ च्या सुमारास आलं आणि हे काम बदललं. पेशंट ठिपक्याकडे बघत असल्यामुळे माप नेमकं नजरेच्या रेषेत येतं. मोठ्या मायनस नंबराचे डोळे मागे फुगलेले असतात, तिथे तर पेन कुठे रोखलंय हेच कळत नाही. पण मोतीबिंदू पांढरा किंवा गडद तपकिरी झाला असेल तर प्रकाश आत शिरत नाही. नवी स्वेप्ट-सोर्स यंत्रं (हीही ऑप्टिकलच) बऱ्याच पिकलेल्या मोतीबिंदूतून पार जातात, सगळ्यांतून नाही. मग ए-स्कॅनच. तोही डोळ्यावर पाण्याची वाटी ठेवून केला तर दाबाची भानगड राहत नाही.

आता एक गोष्ट बघा: दोन्हीकडे लेन्सचं मॉडेल एकच होतं का? प्रत्येक मॉडेलचा ए-कॉन्स्टंट, म्हणजे लेन्सच्या नंबराच्या हिशेबात धरायचा ठरावीक आकडा, वेगळा, आणि तो ०.५ ने बदलला तर लेन्सचा नंबरही जवळपास ०.५ ने बदलतो. तसं असेल तर दोन्ही आकड्यांची तुलनाच चुकीची आहे.

आणि दोन्ही तपासण्या एकाच दिवशी झाल्या का? पेन टेकवलेला, भुलीच्या थेंबांनी कोरडा पडलेला कॉर्निया लगेच मशीनसमोर आणला तर त्याच्या गोलाईचं माप, म्हणजे के१ आणि के२, बिघडतं. ऑप्टिकल नेहमी आधी. (कोणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल किंवा पूर्वी लेसिक (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन) झालं असेल तर ते मोजणाऱ्याला सांगाच. लेसिकनंतर नेहमीचे फॉर्म्युले चुकतात. पेशंट हमखास विसरतात.)

दोन्ही कागदांवर 'एएल' (डोळ्याची लांबी) पुढचा आकडा, के१-के२ आणि लेन्सचं मॉडेल बघून इथे टाका. आईंचं नाव आणि केस नंबर झाकून.