'मीन गर्ल्स' पिक्चरचं म्युझिकल केलं तेव्हा जुनेच कलाकार घेतले का?

नाही हो, 2004 च्या पिक्चरमधली ती पोरींची गँग इथे नाहीये. आठवड्याला आठ शो गाऊन-नाचून करायचे म्हणजे गळा तयार लागतो, म्हणून 2018 ला ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची मोठी थिएटर्स) एरिका हेनिंगसन, टेलर लाउडरमन, अ‍ॅश्ली पार्क अशी स्टेजवरची मंडळी आली. स्क्रिप्ट परत टीना फेचीच, संगीत तिच्या नवऱ्याचं, जेफ रिचमंडचं. मला भारी वाटलं ते हे की पिक्चरमध्ये केडीचा, म्हणजे हिरोईनचा, व्हॉइसओव्हर आहे ना, त्याऐवजी इथे तिचे मित्र जॅनिस आणि डेमियन थेट प्रेक्षकांशी बोलत गोष्ट सांगतात, आणि केरी बटलर एकटीच केडीची आई, गँगची म्होरकी रेजिना हिची आई आणि नॉर्बरी टीचर असे तिन्ही रोल मारून न्यायची. टोनीला, म्हणजे ब्रॉडवेच्या सगळ्यात मोठ्या अवॉर्डला, 12 नॉमिनेशन्स आणि बक्षीस एकही नाही, हे जरा अतिच झालं.