जुन्या गोव्याची चर्च पहिल्यांदा पाहताना

सोलापूरहून रात्रीच्या गाडीने पणजीत उतरलात की जुने गोवे जेमतेम दहा किलोमीटर. पहिल्या फेरीत तीनच ठिकाणं धरा: बॉम जीझस बॅसिलिका, समोरचं से कॅथेड्रल आणि सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा. सगळी चर्च एका दिवसात उरकायला गेलात तर संध्याकाळी एकही नीट आठवणार नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- रविवारी सकाळी जातात. तेव्हा प्रार्थना चालू असते, आत हिंडता येत नाही.
- हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.
- दुपारी बारानंतर निघतात. ऊन आपल्याला नवं नाही, पण तिथला दमटपणा घाम काढतो.

बॅसिलिका (१६०५) बाहेरून लालसर दिसते, कारण जांभ्या दगडावरचा गिलावा नंतर काढला गेला. आत सोळाव्या शतकातले ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे. फ्लॅश मारू नका. से कॅथेड्रलला एकच मनोरा का? दुसरा १७७६ मध्ये कोसळला. ऑगस्टिनच्या अवशेषांत छप्पर नाही, म्हणून तिथे सकाळीच जा.

वास्तुशैलींची नावं आत्ता पाठ करू नका. आधी मान वर करून छत बघा.