रातोरात सत्ता बळकावू पाहणारे तोंडघशी का पडतात?

तुम्ही विचारलंय, दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती सैन्य आणि पोलीस असूनही त्यांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, एक रात्रसुद्धा का टिकला नाही. ‘लोक रस्त्यावर उतरले म्हणून’ हे उत्तर अपुरं आहे. बाकीचं मी आमच्या देवळात पाहिलंय, म्हणून लिहितोय.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं देवस्थान, नाव सांगत नाही. मी तेव्हा कमिटीचा सचिव. जत्रा तोंडावर आलेली. सोमवारची पालखी आत गेली, आरती झाली आणि पाच-सहा महाजन, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद, सभामंडपात उभे राहून म्हणाले, जुनी कमिटी बरखास्त, आजपासून कारभार आमचा. ना नोटीस, ना सभा. बोलणं संपायच्या आत कचेरीला त्यांचं नवं कुलूप लागलं होतं. लोक प्रसाद घेऊन गपचूप घरी गेले. त्या रात्री ते जिंकलेच होते म्हणा ना.

सकाळी मंडळी माझ्या दारात. ‘इतिवृत्ताची वही आणि शिक्का द्या.’ म्हटलं, मामलेदारांची ऑर्डर दाखवा, लगेच देतो. तिथून ते बँकेत गेले. सह्या बदलायला बँकेने ठराव मागितला, ठराव लिहायला वही हवी, आणि वही माझ्या कपाटात. राहिली दागिन्यांची पेटी. तिला तीन कुलपं, चाव्या तीन घरांत. तिसरी चावी ज्यांच्याकडे होती ते आजोबा आमच्या कमिटीवर पहिल्यापासून नाराज, त्यामुळे मंडळींना ते आपलेच वाटले. आजोबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. चावी जानव्याला बांधलेली, सगळ्यांना दिसत होती. ते म्हणाले, “बाकीचे दोघे कुठे आहेत? तिघे जमल्याशिवाय पेटी उघडत नाही.” आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

हे गावभर झालं आणि पालखीच्या रात्री गप्प राहिलेल्यांना तोंड फुटलं. रविवारी सभामंडप भरला. भाषणं नाहीत, आरडाओरड नाही. जो तो एकच विचारत होता, सभेची नोटीस कुठे आहे? जत्रेआधी कुलूप निघालं.

माझे भावोजी आजही म्हणतात, “वही-शिक्के ही सगळी कारकुनी. ज्याच्या कमरेला चावी त्याचं देऊळ.” साफ चूक.

कोरियात काय झालं बघा. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी टीव्हीवर मार्शल लॉ जाहीर केला. तिथल्या घटनेचं 77 वं कलम सांगतं, की संसदेने बहुमताने मागणी केली तर तो उठवावाच लागतो. त्यामुळे सगळी धडपड सभागृह गाठण्याची होती. सभापती कुंपण चढून आत गेले. कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या दारांना लावून सैनिकांना अडवलं. बाहेर माणसांची गर्दी, त्यात 1980 चं ग्वांगजूचं हत्याकांड आठवणारे; तेव्हा मार्शल लॉमध्ये सैन्याने त्या शहरात आंदोलकांना मारलं होतं. 300 पैकी 190 सदस्य पोचले आणि सगळ्या 190 जणांनी विरोधात मत दिलं. उजाडायच्या आत हुकूम मागे. 4 एप्रिल 2025 ला घटना न्यायालयाने युन यांना पदावरून काढलं, तेही एकमताने.

जर्मनीत 1920 साली काप नावाच्या गृहस्थाने फौज घेऊन बर्लिन ताब्यात घेतलं. कामगारांनी संप केला, कचेऱ्यांतले अधिकारी ऐकेनात, आणि मध्यवर्ती बँकेने त्याला पैसे द्यायला नकार दिला. आठवड्याच्या आत गाशा गुंडाळला.

घाईत सत्ता घेणाऱ्याला एका रात्रीत शेकडो माणसांची ‘हो’ लागते, आणि त्यांना पटवायला किंवा विकत घ्यायला वेळ नसतो. पहिल्या तिघा-चौघांनी ‘कागद आणा’ म्हटलं की कुंपणावरचे थांबतात. थांबले की संपलं.

हे प्रत्येक वेळी चालतं असं मात्र नाही. म्यानमारमध्ये 2021 साली डॉक्टर, शिक्षक, बँकवाले काम सोडून बसले, तरी लष्कर हटलं नाही, कारण ते गोळ्या घालायला तयार होतं. आणि सावकाश, नियमात बसवून केलेलं काम सहसा पचतं. आमच्या गोव्यात जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपात उडी मारली. दोन तृतीयांश भरले, म्हणून पक्षांतरबंदी कायदा त्यांना काही करू शकला नाही. मतदारांचा विश्वासघातच तो, पण कागद पक्के होते.

भावोजींचा हुकमी एक्का म्हणजे आणीबाणी. “ती चालली की नाही एकवीस महिने?” चालली, कारण सही मिळाली! 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली, मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून सांगितलं. आधी ठराव आणा, असं त्या रात्री राष्ट्रपती म्हणाले असते तर? पुढे 1978 साली 44 वी दुरुस्ती झाली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. भावोजी, ही कारकुनीच आहे, आणि ती संसदेने मुद्दाम घटनेत घातली आहे.