अकॅडमीच्या फीसाठी पीपीएफ काढू का?

नमस्कार. मुलगा १२ वर्षांचा, शाळेकडून जाइल्स शील्ड (मुंबईतल्या शाळांची १४ वर्षांखालची क्रिकेट स्पर्धा) खेळतोय, सरांनी अंधेरीची प्रायव्हेट क्रिकेट अकॅडमी सुचवलीय, दोन वर्षांची फी ३ लाख ६० हजार आणि किट वगैरे धरून ५ लाख, त्यातले ३ पीपीएफमधून काढायचे, २ लाखांचं गोल्ड लोन घ्यायचं आणि मुलुंडहून रोज नेआण करायला वहिनींनी २६ हजारांची नोकरी सोडायची, असा तुमचा प्लॅन. माझं मत विचाराल तर यातलं एकही करू नका.

आधी नोकरीचं बोलतो, कारण ती तुम्ही हिशोबात धरलेलीच नाही. २६ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख १२ हजार, अकॅडमीच्या वर्षाच्या फीपेक्षा कितीतरी जास्त, वर पीएफ बंद, आणि चाळिशीत सोडलेली नोकरी दोन वर्षांनी तशीच परत मिळेलच असं नाही. पीपीएफला आत्ता ७.१ टक्के मिळतात, तेही टॅक्स-फ्री, दर हाच राहिला तर ते ३ लाख सहा वर्षांत साडेचार लाखांच्या वर जातील, म्हणजे नेमके त्याच्या कॉलेज अॅडमिशनच्या वेळी. एकदा काढले की परत भरताना वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहेच.

गोल्ड लोनची मला जास्त काळजी वाटते. दर महिन्याला व्याज जायला लागलं की संध्याकाळी दार उघडतानाच तुमच्या तोंडून "आज किती केलेस?" निघणार, आणि पोरांना ते लगेच कळतं हो. शून्यावर आउट झाला तरी त्याला घरी यायला भीती वाटू नये, एवढीच रक्कम खेळावर घाला. तुमच्या पगारातून ती ७-८ हजार महिना बसते.

त्यात मैदानावरच्या क्लबचं नेट आणि मे महिन्यातलं एखादं चांगलं शिबिर आरामात होतं. शाळांचीच पुढची स्पर्धा हॅरिस शील्ड १६ वर्षांखालची, म्हणजे शाळेकडून खेळायला अजून तीन-चार सीझन आहेत, घाई कसली? इंग्लिश विलो लाकडाची महागडी बॅटही आत्ता नको, आज सहा नंबरची बॅट लागते, मग हॅरो म्हणजे त्याहून एक माप मोठी, मग फुल साइज, उंची वाढली की ३० हजारांची बॅट कपाटात. नेटला काश्मीर विलोची स्वस्त बॅट, पॅड सिनियर मुलाचे वापरलेले चालतात. हेल्मेट मात्र नवीनच आणि मापाचंच घ्या, तिथे काटकसर अजिबात नको.

तरीही अकॅडमीच हवी असेल तर आधी मुलाला विचारा, सर समोर नसताना. मग फी तिमाही घेतात का, मध्येच सोडलं तर किती परत देतात हे लेखी घ्या. आणि मेडिक्लेमचा हप्ता राहिलाय म्हणालात, तो याच आठवड्यात भरून टाका, लेदर बॉलने खेळणारं पोर आहे घरात.