गोचीड ताप: कुत्र्याला काय टोचलं ते आधी लिहून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. तुमचा लॅब्राडोर पाच वर्षांचा, तीन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, ताप १०४, क्लिनिकमध्ये रोज दोन-तीन इंजेक्शनं, आणि आज सकाळी नाकातून रक्त आलं. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे, रक्त तपासायची घाई नको, दोन दिवस बघू. तुम्ही विचारलंय, थांबू का? थांबू नका. नाशकात आत्ता जे हॉस्पिटल उघडं असेल तिथे न्या. बाकीचं गाडीत बसून वाचा.

मी डॉक्टर नाही. बारा-तेरा वर्षं घरात कुत्री आहेत आणि त्यातला एक गोचीड तापात, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजारात, मरता मरता वाचला, त्या अनुभवावरून लिहितेय. तुमच्या कुत्र्याला तेच झालंय असं मी इथून सांगू शकत नाही आणि डोसही सांगणार नाही. पण पोस्ट वाचताना हातपाय गार पडले माझे.

आमचा तांबू, देशी, १९ किलो. डोंबिवलीला राहतो आम्ही. पावसाळा संपत आला होता आणि कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या सापडत होत्या. ताप आला तेव्हा जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. तीन इंजेक्शनं दिली, दोन तासांत ताप उतरला, पठ्ठ्याने अर्धी पोळी खाल्ली. आम्ही खूश. दुसऱ्या संध्याकाळी ताप परत, पुन्हा तीच इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी पोटावर बारीक लाल ठिपके दिसले, पिसवा चावल्यासारखे. बोटाने दाबले तरी फिके पडेनात. ते कातडीखालचं रक्त होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, उष्णतेचं आहे. चौथ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब, थेट पाण्याच्या भांड्यापर्यंत.

तसाच गाडीत घातला आणि मुंबईत परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला नेला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ११ हजार. निरोगी कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख असतात.

आणि तिथे पहिला प्रश्न आला: आधी काय काय दिलंय?

मला सांगता येईना. तीन दिवस मी त्याचं डोकं मांडीवर धरून समोर बसले होते, पण मला फक्त रंग आठवत होते. एक पाण्यासारखं, एक पिवळं, एक दुधासारखं पांढरं. पिवळं बहुधा व्हिटॅमिन. पांढरं म्हणजे पेनिसिलिनही असू शकतं आणि बरेच दिवस अंगात राहणारं स्टेरॉइडही. पाण्यासारखं म्हणजे काहीही. माझ्याकडे कागद होता, त्यावर तारीख, ‘इंज.’ आणि पैसे, एवढंच. क्लिनिकला फोन केला तर कंपाउंडर म्हणाला डॉक्टर नाहीत, संध्याकाळी करा. संध्याकाळी डॉक्टर भेटले आणि म्हणाले, “तापाचं आणि ताकदीचं दिलंय. दुसरीकडे नेलंत ना, मग आता त्यांनाच विचारा.” फोन ठेवून दिला. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, पण ते वाक्य मी विसरलेले नाही.

नावं न कळण्याने काय होतं ते सांगते, कारण हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. या आजारात कधी कधी शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारायला लागतं. मग डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड द्यायचा विचार करतात. पण तापासाठी आधीच मेलॉक्सिकॅमसारखं ताप-वेदनेचं काही टोचलेलं असेल तर त्यावर स्टेरॉइड म्हणजे पोटात अल्सर आणि रक्तस्राव व्हायचा धोका. दुधाळ इंजेक्शन स्टेरॉइडच असेल तर त्यावर पुन्हा स्टेरॉइड, तोही धोकाच. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू झालं, त्याला अडचण नव्हती. बाकीच्यासाठी जवळजवळ दोन दिवस वाट बघावी लागली. त्या दोन दिवसांत त्याला डांबरासारखी काळी शी झाली आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. शेवटी रक्त द्यावं लागलं. ठाण्याहून एक अनोळखी गृहस्थ आपला ३४ किलोचा जर्मन शेफर्ड घेऊन रात्री साडेदहाला आले. क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ती तपासणी, होईपर्यंत आम्ही दोघं बाकावर नुसते बसून होतो.

म्हणून सांगते, गाडीतूनच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. आतापर्यंतच्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव आणि तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. पावती नको, नावं हवीत. यापुढे कुठेही गेलात तरी टोचायच्या आधी बाटलीचा फोटो काढा. कुणाला राग येईल, येऊ दे. नाव सांगायला जो डॉक्टर कांकू करतो त्याच्याकडे मी माझं जनावर परत नेत नाही. हे माझं मत आहे, टोकाचं वाटलं तरी चालेल.

हॉस्पिटलमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तर होईलच, पण काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखालीही बघायला सांगा. माणसांच्या लॅबमधल्या मशीनचा कुत्र्याच्या प्लेटलेटचा आकडा पुष्कळदा चुकतो, गुठळ्या झाल्या तर फारच. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीतून येणारे जंतू, दोन्ही तपासा. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी होत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण बबेसियाचं औषध वेगळं असतं, एकट्या डॉक्सीने तो जात नाही. रक्त शक्यतो पायातून घ्या म्हणावं, मानेतून नको, आणि नंतर ती जागा पाच मिनिटं दाबून धरा. गळ्यातला पट्टाही काढा, हार्नेस घाला.

घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम काही देऊ नका. पपईच्या पानांचा रस तुम्हाला दहा जण सांगतील, डेंग्यूला चालतो म्हणून. मी सिरिंजने पाजला होता. तांबूने ओकून टाकला आणि त्यानंतर दोन दिवस सिरिंज दिसली की तो तोंड फिरवायचा, औषधसुद्धा घेईना. मी परत पाजणार नाही.

एर्लिकिया निघाला तर डॉक्सी साधारण २८ दिवस चालतं, पोटात काहीतरी असताना, दुधाबरोबर नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि तिथेच लोक गोळ्या बंद करतात. तुम्ही करू नका. तपासणीचं किट नंतरही कित्येक महिने पॉझिटिव्ह दाखवू शकतं, त्याने घाबरू नका. सुधारणा सीबीसीवरून बघतात.

गोचिड्या भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालतात, एकेक मादी हजारोंनी. त्यांचा बंदोबस्त करायचाच, पण तो नंतर, आज नाही.

तांबू तेवीस दिवसांनी जिना स्वतःच्या पायांनी चढला. अजून आहे, आत्ता दारात पसरलाय.

गाडीत नाकावर ओला गार रुमाल ठेवा, आत कापूस कोंबू नका, त्याला भुंकू-उठू देऊ नका. रिपोर्ट आला की प्लेटलेटचा आकडा इथे लिहा. मी जागी आहे.