अमेरिकेत बेसबॉलच्या बातम्यांत न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसचेच संघ का दिसतात? पिट्सबर्गसारख्या शहरातले चाहते नुसत्या जुन्या आठवणींवर जगतात का?

मी मूळचा कोल्हापूरचा. २००३ पासून पिट्सबर्गमध्ये राहतो आणि जवळजवळ तेव्हापासूनच इथल्या पायरेट्स संघाचा चाहता आहे. तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टींशी माझा दर मोसमात संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आठवणींबद्दल. इथे ओकलंड नावाच्या भागात, विद्यापीठाला लागून, वेलींनी झाकलेली विटांची एक जुनी भिंत आहे. फोर्ब्ज फील्ड हे पायरेट्सचं मैदान १९७० साली बंद झालं, पुढे पाडलं, त्यातली ही एवढी भिंत उरली. दर वर्षी १३ ऑक्टोबरच्या दुपारी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या सात सामन्यांच्या मालिकेच्या, सातव्या सामन्याची रेडिओ कॉमेंट्री पहिल्या चेंडूपासून ऐकतात. सुरुवात १९८५ साली झाली, एकच माणूस टेपरेकॉर्डर घेऊन एकटा बसला होता. आता शेकड्यांनी माणसं येतात. टेप अशा हिशेबाने लावतात की पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीचा होमरन बरोबर तीन वाजून छत्तीस मिनिटांनी यावा. १९६० मध्ये तो त्याच वेळेला मारला गेला होता.

त्या होमरनचं महत्त्व आपल्या भाषेत सांगायचं तर विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत असताना कोणी षटकार मारून जिंकून द्यावा तसं. धावसंख्या ९-९, शेवटची इनिंग, मॅझरॉस्की पहिलाच बॅटर, आणि चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून पार. समोर न्यूयॉर्क यांकीज. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होमरनवर संपला असं आजवर ते एकदाच घडलं आहे. सातही सामन्यांची बेरीज केली तर यांकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७. यांकीजने आपले तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे जिंकले. आम्ही चार जिंकले, सगळे काठावरचे. आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कोणाला निवडलं? यांकीजच्या बॉबी रिचर्डसनला. रिचर्डसन चांगलाच खेळला होता, त्याच्या फटक्यांवर १२ धावा आल्या होत्या, ते मी नाकारत नाही. पण हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळाल्याचं वर्ल्ड सिरीजमध्ये दुसरं उदाहरण नाही.

माझ्या शेजारी एक वयस्कर काका राहायचे. १९६० साली ते अकरा वर्षांचे होते. मला भिंतीपाशी पहिल्यांदा तेच घेऊन गेले. ते म्हणायचे, 'आम्ही जिंकलो ही गोष्ट पिट्सबर्गच्या बाहेर कोणी सांगतच नाही. यांकीज कसे हरले, हीच गोष्ट सांगतात.' तेव्हा मला ते थोडं अति वाटलं होतं. मग मी त्या मालिकेबद्दल मिळेल ते वाचलं आणि काकांचं पटलं. बहुतेक लिखाणात प्रश्न हाच, की यांकीजचा मॅनेजर केसी स्टेंगलने आपला सर्वोत्तम गोलंदाज व्हाइटी फोर्डला पहिल्या सामन्यात का उतरवलं नाही. मग यांकीजचा मोठा खेळाडू मिकी मँटल कसा रडला. मग स्टेंगलची नोकरी कशी गेली. मॅझरॉस्की शेवटच्या पानावर येतो, दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाचं कारण म्हणून.

माझ्या मते मोठ्या शहरांचा पक्षपात सगळ्यात जास्त इथे आहे. आजच्या बातम्यांत कोणाला किती जागा मिळते ते मोजता येतं. पण पुढे काय आठवलं जाणार हेही त्याच जागेवरून ठरतं, आणि ते कोणी मोजत नाही.

अमेरिकन लोक बेसबॉलचा सुवर्णकाळ म्हणून हमखास १९५० च्या आसपासची वर्षं सांगतात. १९४७ ते १९५६ या दहा वर्षांत सात वेळा वर्ल्ड सिरीजचे दोन्ही संघ न्यूयॉर्कचेच होते. त्यातले डॉजर्स आणि जायंट्स १९५७ च्या मोसमानंतर कॅलिफोर्नियाला गेले आणि डॉजर्स गमावलेल्या ब्रुकलिन या न्यूयॉर्कच्या भागाच्या विरहावर आजपर्यंत लिहिलं जातंय. ते दुःख खरं होतं. माझी तक्रार एवढीच, की तो काळ एका शहराचा सुवर्णकाळ होता आणि त्या शहरात वर्तमानपत्रं, मासिकं, प्रकाशक आणि टीव्हीच्या कंपन्या सगळ्या होत्या, म्हणून तो देशाचा झाला. त्याच काळात, १९५२ मध्ये, पायरेट्स ११२ सामने हरले. आमच्या राल्फ कायनरने सलग सात मोसम लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले होते आणि दुसऱ्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तू असताना शेवटचे आलो, तू नसतानाही येऊ, असं त्याला पगाराच्या बोलणीत सुनावल्याचं इथे अजून सांगतात. हाही १९५० चाच काळ. याला सुवर्णकाळ कोण म्हणेल?

मला हे चटकन समजलं, त्याला कारण कोल्हापूर. माझे वडील रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकायचे आणि सामना संपला की हमखास भाऊसाहेब निंबाळकरांचा विषय काढायचे. डिसेंबर १९४८, पुण्याचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर, आणि काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला. प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे, आणि निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. मुंबईचा असता तर, एवढं म्हणून वडील थांबायचे. शेजारच्या काकांचा आवाज मला ओळखीचा वाटला तो यामुळे. रेडिओचं म्हणाल तर मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, सामन्याचं रेडिओवरून पहिलं प्रसारण पिट्सबर्गच्याच केडीकेए केंद्रावरून, फोर्ब्ज फील्डमधून, ५ ऑगस्ट १९२१ ला झालं होतं. हे मी पिट्सबर्गबाहेरच्या कोणाला सांगितलं की त्यांना नवल वाटतं.

आता बातम्यांत तेच ते संघ का, याचं उत्तर. टीव्हीवाल्यांचं गणित साधं आहे. न्यूयॉर्क आणि आसपास दोन कोटींच्या घरात माणसं राहतात, पिट्सबर्ग आणि आसपास चोवीस लाखांच्या आसपास. देशभर दाखवायच्या रविवार रात्रीच्या सामन्यासाठी यांकीज आणि बोस्टन पुन्हा पुन्हा निवडले जातात ते यासाठी. याचा मला फारसा राग येत नाही.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ आपल्या भागापुरते टीव्हीचे हक्क स्वतः विकतो आणि त्यातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवतो. आता लॉस एंजेलिसच्या झालेल्या डॉजर्सचा असा करार २५ वर्षांसाठी ८३५ कोटी डॉलरचा असल्याचं छापून आलं होतं, म्हणजे वर्षाला तेहतीस कोटींवर. पायरेट्सच्या सगळ्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज कित्येक मोसम दहा कोटींच्याही आत राहिली. पगारावर कमाल मर्यादा नाही, ठरावीक आकड्यापुढे गेल्यास कर भरायचा, बस. त्यामुळे शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर देणारे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि बातम्याही त्यांच्याच.

छोट्या शहरांचं हे नशीबच आहे असं कोणी म्हणालं तर मी त्याला स्टीलर्सचं उदाहरण देतो. अमेरिकन फुटबॉलमधला हा संघ याच पिट्सबर्गचा. नदीच्या त्याच काठावर, पायरेट्सच्या मैदानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर खेळतो. सहा सुपर बोल, म्हणजे फुटबॉलच्या लीगचे अंतिम सामने, जिंकलेत आणि टीव्हीवर देशभर दिसतो. गाव तेच, लोक तेच. फरक इतकाच की फुटबॉलची लीग टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटते आणि पगाराला मर्यादा घालते. जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बेचा संघही तिथे चार सुपर बोल जिंकतो. तेव्हा शहर लहान म्हणून बातमी लहान, हे खरं नाही. पैसा कसा वाटला जातो यावर कोण जिंकणार हे बरंचसं ठरतं, आणि कॅमेरे जिंकणाऱ्याच्या मागे जातात.

आमच्या मालकांची बाजूही मी घेणार नाही. मोठ्या संघांच्या स्थानिक कमाईतला हिस्सा छोट्या संघांना मिळतो. तो मैदानावर पुरेसा दिसत नाही, म्हणून प्रेक्षक स्टेडियममध्ये 'संघ विका' अशा घोषणा देतात. मीही दिल्या आहेत.

पॉल स्कीन्सचं पाहा. हा आमचा पिचर, म्हणजे गोलंदाज म्हणा. २०२५ मध्ये त्याने दर नऊ इनिंगला दोनहून कमी धावा दिल्या आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. तरी त्याच्या नावावर विजय दहा आणि पराभव दहा, कारण आमच्या बॅटर्सनी त्याला धावाच करून दिल्या नाहीत. आणि देशपातळीवरच्या चर्चांत त्याच्याबद्दल पहिला प्रश्न काय असतो? यांकीजकडे कधी जाणार. पोरगा इथे खेळतोय, दर पाचेक दिवसांनी इथल्या मुलांना आयुष्यभर आठवेल असा खेळ दाखवतोय, आणि बोलणारे त्याला आत्तापासूनच दुसऱ्याच्या कपड्यांत बघतात. गेरिट कोल हा पिचर असाच इथून ह्यूस्टनला आणि तिथून यांकीजला गेला, त्यामुळे आमच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही.

रोबेर्तो क्लेमेंटेबद्दल लिहिल्याशिवाय मला हे उत्तर संपवता येणार नाही. पोर्तो रिकोचा हा खेळाडू अठरा मोसम पिट्सबर्गला खेळला. १९६० मध्ये संघ जिंकला तेव्हा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात पत्रकारांनी त्याला आठवा ठेवलं, आणि ते त्याला फार लागलं. त्याचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून वर्तमानपत्रं त्याला हास्यास्पद करायची, नाव बदलून 'बॉब' लिहायची. त्याची खरी किंमत देशाला दिसली ती १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. सातही सामन्यांत त्याने हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारे फटके, मारले. पुढच्या वर्षी बरोबर ३००० हिट पूर्ण केले आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं.

आमच्या आताच्या मैदानात उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेच्या जर्सीचा क्रमांक २१. २०२५ च्या मोसमाच्या सुरुवातीला त्या भिंतीवरचं २१ चं चिन्ह काढून तिथे जाहिरात लावली गेली. चाहत्यांच्या लगेच लक्षात आलं, त्याच्या कुटुंबाने नाराजी सांगितली, संघाने चूक कबूल करून चिन्ह परत लावलं. आठवणींवर जगणं म्हणजे काय, असं तुम्ही विचारता, तर हे. चाळीस हजारांच्या मैदानात एक आकडा जागेवर नाही हे लोकांना दिसतं. कोणी लक्ष ठेवलं नसतं तर ती जाहिरात अजून तिथे असती.

पण नुसत्या आठवणी नाहीत. १९९३ ते २०१२ सलग वीस मोसम पायरेट्स जिंकले त्याहून जास्त सामने हरले. मी त्यातली शेवटची दहा वर्षं पाहिली. १ ऑक्टोबर २०१३ ला सिनसिनाटीविरुद्ध बाद फेरीचा सामना इथे झाला, तेव्हा मी आणि माझी मुलगी वरच्या मजल्यावर होतो. ती नऊ वर्षांची. सगळं मैदान काळ्या कपड्यांत. समोरच्या पिचरचं नाव क्वेटो, आणि चाळीस हजार माणसं ते नाव ताणून ताणून एका सुरात म्हणत होती. त्याच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा माणूस मागे वळला आणि काही न बोलता त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले. मुलगी आता मोठी झाली, दुसऱ्या शहरात असते. पण दर १ ऑक्टोबरला तिचा फोन येतो आणि आम्ही दोघं ते नाव फोनवर तसंच म्हणतो.

शेजारचे काका आता नाहीत. त्यांची घडीची खुर्ची त्यांच्या मुलाने मला दिली, तीच घेऊन मी जातो. तुम्ही कधी ऑक्टोबरात इकडे येणार असाल तर १३ तारीख मोकळी ठेवा. दुपारी एकच्या आधी पोहोचा, नंतर भिंतीजवळ जागा मिळत नाही. शेवटच्या होमरनच्या वेळी कॉमेंट्रेटर गडबडीत पिचरचं नाव चुकीचं घेतो, चेंडू राल्फ टेरीने टाकलेला असतो आणि तो आर्ट डिटमार म्हणतो. तिथे सगळे एकदम मोठ्याने 'टेरी!' असं ओरडतात, तुम्हीही ओरडा.